गुहागरात पायी फिरायला येताय? आधी तिथी बघा

गाडीतून बघितलं तर गुहागर दहा मिनिटांत संपतं. एक लांबट रस्ता, दोन्हीकडे नारळी-पोफळीची आगरं, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ, आगरांपलीकडे समुद्र. पायी फिरलात तर हेच गाव दोन-तीन दिवस पुरतं. सॅकमध्ये काय भरायचं याचा विचार नंतर करा. आधी भरती-ओहोटी, ऊन आणि एसटी या तिघांच्या वेळा जुळवा.

भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि तिथीला पाऊणने गुणा. जो आकडा येईल, त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा आले, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी भरलेलं, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, तेव्हा ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं, अमावास्या पंधरावी धरायची. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ किनाऱ्यावर होडी असलेल्या कुणालाही विचारा. पहाटे किनाऱ्याने चालायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, पाच-सहा किलोमीटर लांब आहे आणि ओहोटीत ओली, घट्ट वाळू पायाखाली मिळते. कोरड्या भुसभुशीत वाळूत तेवढंच अंतर चालून पोटऱ्या भरून येतात. मात्र हेच दिवस उधाणाचे: पाणी जेवढं लांब जातं, तेवढंच आत येतं. किनाऱ्याच्या टोकाच्या खडपांवर गेलात तर भरती लागायच्या आत माघारी फिरा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार जात नाही नि फार येतही नाही.

गुहागर तालुक्यातल्याच हेदवीच्या बामणघळीचं गणित उलटं. खडकातल्या त्या चिरेत पाणी घुसून वर उसळतं ते भरतीलाच, त्यामुळे तिथे भरती गाठून जायचं. पण लांब उभं राहून बघा. पावसाळ्यात तर तिकडच्या खडकांवर पाऊलच ठेवू नका, शेवाळ कुणाची ओळख ठेवत नाही.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. सॅटेलाइट टॅग लावलेल्या ‘गुहा’ आणि ‘बागेश्री’ 2023 साली इथूनच समुद्रात गेल्या. त्या दिवसांत रात्री बॅटऱ्या नाचवत किनाऱ्यावर फिरू नका. पिल्लं सोडताना बघायची असतील तर कासवमित्रांना आदल्या दिवशी विचारून ठेवा.

आता सडा. गावामागची चढण चढून वर आलात की जांभ्याचं उघडं माळरान लागतं, सावलीचं नाव नाही. सकाळी दहाच्या आत खाली उतरता येईल असं निघा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सडा फुलांनी भरतो, बघायला तोच काळ उत्तम, फक्त छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, वारा छत्री उलटी करतो. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांतून थेट कातडीला लागतात. जाडसर पूर्ण पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट लागतात ते त्यासाठी आणि फुरसं या विषारी सापासाठी. फुरसं लहान असतं, रंगाने जांभ्यात मिसळून जातं, दगडाखाली बसतं. म्हणून दगड उलथू नका, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत हात घालू नका, काळोख पडल्यावर बॅटरीशिवाय चालू नका. चावलंच तर पाय हलवू न देता गाडीतून सरळ सरकारी रुग्णालय; आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्र यांत वेळ घालवायचा नाही. जवळचं रुग्णालय कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. चिऱ्याच्या जुन्या खाणींत पाणी साचतं. ते पोहण्यासाठी नाही, कडे सरळसोट असतात आणि खोली कळत नाही.

पाखाड्यांची मजा वेगळी. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्हीकडे गडगे, वरून पोफळींची सावली. भर दुपारी चालण्यासारख्या वाटा एवढ्याच. पाखाडी सगळ्यांची, पण तिला लागून असलेलं आगर कुणाचं तरी असतं. आत शिरायचं तर हाक मारा. “काकू, इथून समुद्रावर जाता येईल का?” एवढं विचारलंत की वाट मिळते आणि बहुतेक वेळा पाणीही. बेडं (आगराचं फाटक) उघडलंत तर लावून घ्या, नाहीतर गुरं आत जातात. खाली पडलेली सुपारी, नारळ, आंबा कुणाचा नाही असं समजू नका. पडलेली सुपारी हेही इथलं उत्पन्नच आहे. (अंतर विचारलंत तर “हे काय, इथंच” असं उत्तर येईल. त्यात अर्धा तास धरा.)

खाण्यापिण्याचं थोडक्यात: माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा कोकमाचं सरबत, चार केळी. दमट हवेत घाम वाळत नाही, तहान मात्र उशिरा कळते. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, आणि घरगुती खानावळीत जेवण सकाळीच सांगावं लागतं. ऐन वेळी गेलात तर यजमानीणबाई वरमतील आणि तुम्ही उपाशी राहाल. सुटे पैसे ठेवा, खोलगट वाड्यांत रेंज नसते, मग यूपीआय काय कामाचं? नकाशा आधीच डाउनलोड करा.

एक दिवस अंजनवेलसाठी राखा. जाताना एसटी, तिथून टाळकेश्वराचं देऊळ, दीपगृह आणि दाभोळ खाडीच्या तोंडावरचा गोपाळगड हे सगळं पायी होतं. अंगात दम उरला तर धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळलाही जाऊन येता येतं. फक्त निघण्याआधी गुहागरच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वेळ खिडकीवर विचारा. फळ्यावरची वेळ आणि खरी वेळ यांत फरक असतो, आणि संध्याकाळी उशिरा येणारी गाडी बरेचदा वस्तीची असते, ती परत जात नाही.