आडवं पडूनही ड्युटी चालूच असेल तर

कॅन्सरचे उपचार चालू असताना डॉक्टर विचारतात, "थकवा कितपत?" आणि आपण म्हणतो, "आहे थोडा, चालायचंच." हे उत्तर आधी बंद करा. घरातलं आजारी माणूस वर्षानुवर्षं सांभाळलेल्या बाईला स्वतःच्या थकव्याचं माप राहत नाही. माझ्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कूस बदलून देणं, पेज भरवणं, रात्रीच्या हाका, हे सगळं अंगवळणी पडलेलं असताना मला स्तनाचा कॅन्सर निघाला. अशा बाईने "थोडा" म्हटलं तर त्यातून डॉक्टरांना काय कळणार?

म्हणून घडतं ते सांगा. "विहिरीपर्यंत रिकाम्या हाताने जाऊन आले तरी पायरीवर बसावं लागतं." "फोन वाजला की रडू येतं." पहिल्या वाक्यावर डॉक्टर हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप, दुखणं हे सगळं तपासतील, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो. दुसरं वाक्य मनाचं आहे, तेही तितकंच सांगण्यासारखं. ताप मात्र थकव्यात धरू नका. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्र असली तरी फोन करायचा.

केमोबरोबर उलटी आणि ॲलर्जी टाळायला बऱ्याचदा डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. ते अंगात असेपर्यंत झोप उडते आणि भलताच हुरूप येतो. मी अशा एका रात्री मांडणीवरची सगळी भांडी उतरवून घासली. स्टेरॉइड थांबलं की दोन-तीन दिवसांत माणूस खचतो. रडू, चिडचिड, "कशाला हवंय हे सगळं". हे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. दर खेपेला साधारण त्याच सुमारास येतंय असं दिसलं की भीती बरीच उतरते. त्या दिवसांत सामाईक जमिनीचा विषय नाही, सुनेशी हिशेब नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या सकाळी घेतल्या तर चालतील का, तेही विचारून घ्या.

आता खरं काम. घरचे म्हणतात, "तू पड, आम्ही करतो." आपण पडतो, पण कान स्वयंपाकघरात. आईंची प्रेशरची गोळी दिली का? डायपर संपत आले असतील. गॅस कधी लावला? हात रिकामे झाले तरी डोकं कामावरच असतं, आणि अशी विश्रांती कितीही घेतली तरी अंगी लागत नाही. मदत मागू नका, कामच देऊन टाका, मुळासकट. सासूबाईंची औषधं मी दिरांकडे दिली, म्हणजे नुसत्या वेळा नाही. वही, मेडिकलवाल्याचा नंबर, गोळ्या संपायच्या आधी आणायची आठवण, डॉक्टरांकडे नेणं, सगळं त्यांचं. मग विचारायचं नाही. "दिलात ना?" हे दोन शब्द बाहेर पडले की ती जबाबदारी परत आपल्या उशाशी येऊन बसते. पहिले काही दिवस जीभ चावावी लागते. ते आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने करतील, पेज दाट होईल, चादर तिरकी असेल. असू दे. औषधात घोटाळा होऊ नये म्हणून वहीत वेळ आणि सही, एवढी एकच शिस्त लावून द्या.

आजारी माणसालाही सांगावं लागतं, आणि तेच सगळ्यांत अवघड. "गो, खंय गेलंस?" (अगं, कुठे गेलीस?) ही सासूबाईंची हाक थांबत नाही. आम्ही खोल्या बदलल्या. मी मागच्या पडवीत, सासूबाईंजवळ रात्री दीर. हाक त्यांना आधी ऐकू जाते.

आपल्याकडे माणूस आजारी पडलं की अख्खी वाडी बघायला येते. नारळ, बिस्किटांचा पुडा, आणि "आमच्या आत्याक पण ह्याच झालेला, चार महिन्यांत गेली." यांच्यासाठी खळ्यातच, म्हणजे घरापुढच्या अंगणातच, एक माणूस ठेवा. माझी जाऊ खुर्ची टाकून तिथेच चहा द्यायची आणि तिथूनच वाटेला लावायची. कोणी रागावलं तर रागावू दे.

मे महिन्याची बेगमी त्या वर्षी विकत. मसाला, आमसुलं, फणसपोळी, सगळं बचत गटाकडून. गणपतीत चाकरमान्यांना आधीच फोन करा की या, पण मोदक तुम्ही वळायचे. रेल्वेची तिकिटं तेव्हा मिळत नाहीत, म्हणून केमोची तारीख त्या आठवड्यात येत असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. आपल्या मनाने पुढे ढकलू नका.

प्रवासही जीव खातो. आमच्या भागातून परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्यांना तुतारी एक्सप्रेस सोयीची, कणकवलीला बसलं की थेट दादर. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला हॉस्पिटलच्या दाखल्यावर रेल्वेत सवलत असते, सोबतच्या माणसालाही. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत पेशंटची राहायची सोय होते. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातही कॅन्सरचे उपचार होतात. प्लॅन मोठ्या ठिकाणी ठरला तरी त्यातलं काही जवळ घेता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

थकव्यावर नुसतं पडून राहण्यापेक्षा रोज थोडं चालणं जास्त लागू पडतं. ऊन उतरलं की सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या माळावर जा, दम लागायच्या आत परत फिरा. केर काढणं यात धरायचं नाही.

राग येतो. इतकी वर्षं सगळ्यांचं केलं, आणि ज्यांचं केलं त्यांचाच राग. सासूबाई जगतायत आणि मी केमो घेतेय, असा विचार मला आला आहे. असा विचार आला म्हणजे त्यांचं वाईट चिंतलं असं होत नाही. पण तो घरात बोलू नका, घरातला माणूस तो जन्मभर लक्षात ठेवतो. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात समुपदेशक किंवा समाजसेवा विभाग असतो, तिथे जाऊन बोला.

शेवटची केमो, शेवटचं रेडिएशन झालं की घरचे सुटकेचा श्वास घेतात आणि कामं परत करायला येतात. थकवा मात्र पुढे काही महिने राहू शकतो. एका वेळी एकच काम परत घ्या. मी दुपारची पेज घेतली. रात्रीचा विषय निघाला की मला ऐकू येत नाही.

दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर तो नुसता थकवा नव्हे. केंद्र सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मानसोपचाराची गोळी सुरू करताना टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिनसारख्या काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करू शकतात. त्याच्या आड न येणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत. आधीच चालू असलेली गोळी मात्र परस्पर बंद करू नका. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दोन्ही डॉक्टरांपुढे ती पिशवीच रिकामी करा.