आकडा सांगा, मग गप्प बसा

संस्थेसाठी पैसे मागताना मी पहिली काही वर्षं "जमेल तेवढं द्या" म्हणायचे. लोकही जमेल तेवढंच देत, म्हणजे फारच थोडं. आता भेटीआधी आकडा कागदावर लिहिते, आरशासमोर तीनदा मोठ्यानं म्हणते. देणगीदारासमोर तो एकदा सांगायचा आणि तोंड मिटायचं. ती शांतता जीवघेणी असते. पण "कमी दिलंत तरी चालेल" असं म्हणून आपणच ती मोडायची नाही. नकार आला तर कारण विचारा, पुन्हा कधी भेटू तेही. आभाराचा फोन दोन दिवसांत.

आणि हो, अंदाजपत्रकात स्वतःचा पगार पूर्ण लिहा. मी तो शेवटी, उरलंसुरलं म्हणून लिहायचे. विश्वस्तांनी हरकत घेतली नाही, अर्थातच!