व्हेस्टामध्ये ग्राफीनचा सुपरसेल कसा बांधावा

ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीचा, अखंड थर संगणकावर उभा करण्यासाठी शेकडो कार्बन अणू एकेक करून ठेवावे लागत नाहीत. पुन्हापुन्हा येणारा सर्वांत लहान तुकडा, म्हणजेच युनिट सेल, बिनचूक मांडला की पुढच्या प्रती सॉफ्टवेअरच काढते. अशा प्रती जोडून बनलेला मोठा सेल म्हणजे सुपरसेल. म्हणून या कामातला बहुतेक वेळ त्या पहिल्या तुकड्यावर खर्च करावा. येथे कोइची मोम्मा आणि फुजिओ इझुमी या जपानी संशोधकांनी तयार केलेले व्हेस्टा हे स्फटिकांची रचना दाखवणारे सॉफ्टवेअर वापरले आहे. अव्यावसायिक वापरासाठी ते विनामूल्य मिळते.

'फाइल' मेन्यूतून 'न्यू स्ट्रक्चर' उघडावे आणि 'युनिट सेल' या टॅबमध्ये सममितीचा गट पी1 (म्हणजे कोणतीही सममिती न लादणारा) ठेवावा, म्हणजे सर्व रकाने आपल्याला हवे तसे भरता येतात. ग्राफीनमधील शेजारच्या दोन कार्बन अणूंमधले अंतर 1.42 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आहे. त्याला 3 च्या वर्गमुळाने गुणले की सेलची बाजू मिळते. त्यानुसार ए आणि बी या बाजूंसाठी 2.46 लिहावे, त्या दोघींमधला गॅमा कोन 120 अंश आणि उरलेले दोन्ही कोन 90 अंश ठेवावेत. सी ही बाजू थराला लंब असते. ग्राफाइटमध्ये दोन थरांमधील अंतर सुमारे 3.35 अँगस्ट्रॉम असते, पण आपल्याला एकटा थर हवा असल्याने वरच्या आणि खालच्या प्रतींचा एकमेकींवर परिणाम होऊ नये इतकी मोकळी जागा सोडावी लागते. त्यासाठी सी 15 अँगस्ट्रॉम धरणे सोयीचे ठरते.

आता 'स्ट्रक्चर पॅरामीटर्स' या टॅबमध्ये दोन कार्बन अणू टाकावेत. त्यांची जागा सांगणारे निर्देशांक सेलच्या बाजूंच्या अपूर्णांकात लिहितात. पहिल्याचे एक्स, वाय आणि झेड अनुक्रमे 0.333333, 0.666667 आणि 0.5, दुसऱ्याचे 0.666667, 0.333333 आणि 0.5. झेड शून्य ठेवला तरी रचना तीच राहते, परंतु चित्रात सेलच्या तळाशी आणि माथ्याशी असे दोन थर दिसतात आणि नवख्या माणसाचा विनाकारण गोंधळ उडतो. दशांशांतही काटकसर करू नये. 0.33 आणि 0.66 एवढेच लिहिल्यास तीन समान बंधांऐवजी एक 1.41 चा आणि दोन 1.43 चे होतात, आणि षटकोनाची सममिती तेथेच मोडते.

सर्वांत अधिक चूक होते ती कोन आणि निर्देशांक यांची जोडी जुळवताना. काही ठिकाणी ग्राफीनचा सेल 60 अंशांचा घेतात, आणि तेव्हा अणूंचे एक्स-वाय निर्देशांक (1/3, 1/3) आणि (2/3, 2/3) असतात. हे निर्देशांक तसेच उचलून 120 अंशांच्या सेलमध्ये भरले, तर दोन कार्बनमधील अंतर 0.82 अँगस्ट्रॉम येते. कार्बन-कार्बन तिहेरी बंधसुद्धा 1.20 च्या आसपास असतो, त्यामुळे असा आकडा दिसला की रचना चुकली आहे हे निश्चित समजावे. सॉफ्टवेअर मात्र कोणतीही सूचना न देता ती चुकीची जाळी मुकाट्याने काढून दाखवते. म्हणूनच पुढे जाण्यापूर्वी अंतर मोजण्याचे साधन निवडून एक तरी बंध मोजून पाहावा.

सुपरसेलसाठी 'युनिट सेल' टॅबमधील 'ट्रान्सफॉर्म' उघडून मॅट्रिक्सच्या कर्णावर 4, 4 आणि 1 लिहावे. सेलचे आकारमान बदलल्याचे सांगून व्हेस्टा काही पर्याय देते. त्यांतून नव्या सेलमधील अणू शोधून ते नव्या जागा म्हणून जोडणारा पर्याय निवडावा. आता बाजू 9.84 अँगस्ट्रॉमची आणि अणू 32 असायला हवेत. आयताकृती सेल हवा असल्यास नवा बी सदिश म्हणजे जुना ए अधिक जुन्या बीची दुप्पट असे घ्यावे: 2.46 बाय 4.26 अँगस्ट्रॉमचा, चार अणूंचा सेल मिळतो.

ट्रान्सफॉर्म न करता नुसती 'बाउंडरी'ची, म्हणजे चित्रात किती भाग दाखवायचा याची, मर्यादा वाढवली तरी पडद्यावर मोठा थर दिसतो, पण तो केवळ दिखावा असतो. फाइलमधला सेल दोन अणूंचाच राहतो. तसेच सेलच्या कडेवरचे काही कार्बन दोनच बंधांचे दिसले म्हणून तेथे हायड्रोजन लावू नये, कारण त्यांचा तिसरा शेजारी पलीकडच्या प्रतीत असतो. हायड्रोजन लागतात ते ग्राफीनचा मर्यादित, कापलेला तुकडा बनवताना.

'एक्सपोर्ट डेटा'मधून फाइल काढताना सीआयएफ (स्फटिकांच्या माहितीची प्रमाणित फाइल) किंवा व्हीएएसपी या गणनेच्या प्रोग्रामचा पॉसकार हा प्रकार निवडावा. साध्या एक्सवायझेड फाइलमध्ये सेलच्या बाजू आणि कोन लिहिलेले नसतात, त्यामुळे ती उघडणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला तो 32 अणूंचा सुटा तुकडाच वाटतो.