चीनमध्ये एक कोर्स संपला, दुसरा सुरू व्हायचाय: मधल्या महिन्यांत व्हिसाचं काय करायचं?

चीनमधल्या विद्यापीठांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि जुलैत संपतं. वर्षभर चिनी भाषा शिकून पुढे पदवीला जाणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होते. भाषेच्या कोर्सवर मिळालेलं रेसिडेन्स परमिट बहुधा जुलैतच संपतं आणि पुढचा प्रवेश असतो सप्टेंबरचा. मधल्या सहा-सात आठवड्यांची सोय एप्रिल-मेमध्येच लावायला घ्यावी. जुलैत धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. व्हिसा तुम्हाला देशात आत घेतो, राहू देतं ते परमिट. 180 दिवसांहून मोठ्या शिक्षणासाठी एक्स-1 व्हिसा मिळतो. त्याच्या स्टिकरवर मुक्कामाच्या दिवसांच्या रकान्यात 000 छापलेलं असतं आणि ते पाहून पुष्कळ मुलं हादरतात. त्याचा अर्थ एवढाच, की चीनमध्ये उतरल्यापासून 30 दिवसांच्या आत पोलिसांच्या एक्झिट-एंट्री कार्यालयात जाऊन परमिटसाठी अर्ज करायचा. हा व्हिसा सहसा एकाच प्रवेशाचा असतो. परमिट हातात येण्याआधी हाँगकाँगला फिरायला गेलात, तर तो वापरून संपला. हाँगकाँगची इमिग्रेशन हद्द वेगळी आहे, तिकडे पाऊल टाकलं की तुम्ही मुख्य भूमीतून बाहेर पडलात असंच धरलं जातं. एका सत्राच्या कोर्सला एक्स-2 मिळतो. त्यावर स्टिकरवर लिहिलेत तेवढेच दिवस राहायचं, परमिट होत नाही, कारण परमिटची किमान मुदतच 180 दिवसांची आहे.

आता मधल्या काळाबद्दल. सगळ्यांत चांगली वाट म्हणजे जुनं परमिट जिवंत असतानाच नव्या प्रवेशावर ते वाढवून घेणं. कायद्याप्रमाणे हा अर्ज मुदत संपायच्या 30 दिवस आधी करायचा असतो. त्यासाठी नव्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र, विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठामार्फत मिळणारा जेडब्ल्यू 202 फॉर्म (सरकारी शिष्यवृत्ती असेल तर 201), जुन्या विद्यापीठाचा सोडल्याचा दाखला म्हणजे 'लीश्याओ चंगमिंग', राहत्या जागेच्या पोलिस नोंदणीची चिठ्ठी, फोटो आणि पासपोर्ट लागतात. वर्षाहून कमी मुदतीला 400 युआन, एक ते तीन वर्षांना 800, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 1000. वर्षाहून मोठ्या परमिटला आरोग्य तपासणीचा दाखलाही जोडावा लागतो. घोळ होतो तो जेडब्ल्यू फॉर्मपाशी. प्रवेश पक्का असतो, पण फॉर्म जुलैच्या शेवटी येतो आणि तोवर परमिट संपलेलं असतं. म्हणून नव्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला तुमच्या परमिटची शेवटची तारीख लेखी कळवा आणि फॉर्म लवकर मागा.

कागद वेळेत येत नसतील तर थांबण्याचा परवाना मागता येतो. कायद्यात त्याची मुदत 180 दिवसांपर्यंत आहे, पण कोर्स संपलेल्या विद्यार्थ्याला बरेचदा 30 दिवसच मिळतात. हे शहराशहरांवर अवलंबून आहे, तेव्हा तुमच्याच शहरातल्या कार्यालयात विचारा, दुसऱ्या शहरातल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नका. या परवान्यावर चीनबाहेर जाऊन परत येता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

फट महिन्याहून मोठी असेल तर सरळ घरी या आणि नव्या कागदांवर नवा एक्स-1 काढा. महाराष्ट्रातल्या मुलांचं काम मुंबईच्या वकिलातीकडे येतं. तिकिटाचा खर्च होतो खरा, पण सगळ्यांत निर्धोक वाट हीच. जुन्या परमिटवर दिवस उरलेत म्हणून त्यावरच परत यायचा मोह मात्र टाळा. तुम्ही संस्था सोडलीत हे पोलिसांना कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे आणि त्यानंतर ते परमिट रद्द होऊ शकतं. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच विद्यार्थी व्हिसात बदलून घेऊ, हा सल्लाही ऐकू नका. त्यात नकाराची शक्यता मोठी.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना तर विद्यापीठ बदलण्याचा विचारच जपून करावा लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि 12 महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत व्हायला हवी. चीनचा व्हिसा जमला तरी भारतातली नोंदणी अडेल. या मुलांची नेहमीची चूक हिवाळ्याच्या सुट्टीतली आहे. जानेवारीत घरी निघतात, परमिट फेब्रुवारीच्या मध्याला संपतं आणि सत्र सुरू होतं त्याच्या नंतर. निघण्याआधीच तारीख पाहून परमिट वाढवून घ्या. कामाचे 15 दिवस लागू शकतात, तेवढा काळ पासपोर्ट कार्यालयात असतो आणि त्यातच चिनी नववर्षाची आठवडाभराची सुट्टी येते. मिळालेली पावती देशात राहण्यापुरती चालते, परदेशी विमान त्यावर पकडता येत नाही.

मुदतीनंतर राहिलात तर दिवसाला 500 युआन, जास्तीत जास्त 10,000 युआन दंड होतो किंवा 5 ते 15 दिवस कोठडीत काढावे लागतात. सुट्टीत परवानगीशिवाय नोकरी केली तर दंड 5,000 ते 20,000 युआन. आधी विद्यापीठाची संमती, मग परमिटवर तशी नोंद, आणि त्यानंतरच काम.

सुट्टी संपवून परत आलात आणि हॉटेलऐवजी भाड्याच्या खोलीत उतरलात, तर 24 तासांत जवळच्या पोलिस ठाण्यात नोंद करा. पुढच्या परमिटच्या अर्जाला हीच चिठ्ठी पहिल्यांदा मागतात.