स्पर्धाक्षमतेचा लाभ गरिबांपर्यंत पोहोचतो का, हे कसे तपासावे

निर्यात वाढली की गरिबी आपोआप हटेल, असे आश्वासन सरकारे नेहमी देतात. त्याची पारख करायची असेल, तर बांगलादेशाचा तयार कपड्यांचा उद्योग समोर ठेवावा. यश आणि त्यासाठी मोजलेली किंमत, दोन्ही तेथे उघड दिसतात.

प्रथम तो उद्योग त्याच देशात का रुजला, हे शोधावे. स्वस्त मजुरी हे उत्तर अपुरे आहे, कारण मजुरी इतरही अनेक देशांत स्वस्तच होती. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशनिहाय कोटे, म्हणजे कमाल मर्यादा, लावल्यामुळे दक्षिण कोरियाच्या कंपन्या कोट्याबाहेरचा देश शोधत होत्या. १९७९ मध्ये चितगावच्या देश गारमेंट्स या कंपनीने १३० जणांना दक्षिण कोरियातील बुसान येथे देवू या कंपनीच्या कारखान्यात शिकायला पाठवले. पुढील काही वर्षांत त्यांतील ११५ जण नोकरी सोडून गेले, बरेचसे याच धंद्यात, आणि एका मालकाने आणलेले कौशल्य देशभर पसरले. (त्या मालकाला हे रुचले नसणार.) निर्यातीसाठीचे कापड शुल्काविना आणण्याची सोय आणि निर्यातीच्या एलसीच्या (पैसे मिळण्याची हमी देणाऱ्या बँकेच्या पत्राच्या) तारणावर आयातीची एलसी उघडण्याची मुभा मिळाल्याने भांडवल नसलेल्यालाही कारखाना काढता आला. म्हणून धोरण वाचताना अनुदानाच्या रकमेआधी अशा तरतुदी पाहाव्यात.

त्यानंतर काम कोणाला मिळाले, ते पाहावे. येथे ते प्रामुख्याने खेड्यांतून आलेल्या, फारसे न शिकलेल्या तरुण मुलींना मिळाले. कारखान्यांजवळच्या गावांतील मुली अधिक वर्षे शाळेत राहिल्या आणि त्यांची लग्ने उशिरा झाली, असे संशोधनात आढळले आहे. मोजक्या माणसांवर चालणाऱ्या खाण किंवा तेल उद्योगाकडून ही अपेक्षा धरू नये.

वेतन मात्र महागाईशेजारी ठेवूनच वाचावे. १९९४ मध्ये ठरलेले ९३० टाका (टाका हे बांगलादेशाचे चलन) हे किमान मासिक वेतन २००६ पर्यंत तसेच राहिले, म्हणजे निर्यात वाढत असतानाच त्याची खरेदीशक्ती घटत गेली. २०१३ मध्ये ते ५,३०० आणि २०२३ मध्ये १२,५०० टाका झाले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावार येथील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली; आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसूनही कामगारांना आत बोलावले गेले होते. इमारतींच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार त्यानंतर झाला. तपासणी टाळून वाचवलेला पैसा स्पर्धाक्षमतेच्या खात्यात जमा धरू नये.

शेवटी, सवलत संपल्यावर काय होईल हे विचारावे. बांगलादेशाच्या पथ्यावर पडलेले कोटे २००५ मध्ये उठले तेव्हा वर्तवली गेलेली या उद्योगाची पडझड झाली नाही. तरीही देशाची ८० टक्क्यांहून अधिक निर्यात याच एका मालाची आहे, आणि त्यासाठीचा कापूस व बरेचसे कापड बाहेरून येते. त्यामुळे निर्यातीच्या आकड्यातून ही आयात वजा करावी आणि देशात उरणारी रक्कमच हिशेबात घ्यावी.