‘ओब्रा डिन’ खेळायला बसताना आधी वही घ्या

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी २३ वर्षं हिशेब लिहितेय. भाच्याने ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ लॅपटॉपवर घालून दिला आणि पहिल्याच रात्री मला वही काढावी लागली. “आत्या, यूट्यूबवर उत्तरं आहेत की,” तो म्हणाला. ती बघू नका. या गेममध्ये शोध सोडून दुसरं काही नाही, तोच गेला तर उरतं काय?

लुकास पोप यांचा हा २०१८चा गेम. बेपत्ता झालेलं ईस्ट इंडिया कंपनीचं ‘ओब्रा डिन’ हे जहाज १८०७ साली परत येतं, वर जिवंत कोणी नाही. आपण कंपनीचे विमा तपासनीस. प्रेताजवळ आपल्याकडचं जादूचं घड्याळ उघडलं की आधी त्या वेळचे आवाज येतात, मग मरणाचा क्षण गोठून समोर उभा राहतो. माणसं एकूण ६०. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, मेला असेल तर कोणाच्या हातून, हे भरायचं.

गेममधलं पुस्तक घटना क्रमाने मांडतं. आमच्या भाषेत ती झाली रोजकीर्द. खतावणी तुम्हाला घालावी लागते: एका माणसाला एक पान. तो कुठे दिसला, कोणाच्या शेजारी उभा होता, अंगात काय, पायात काय. मी एका खलाशाला बुटांवरून ओळखलं. झोपायच्या झोळ्यांवर आकडे आहेत, ते खलाशांच्या यादीशी लावून बघा. पुस्तकात चेहरा धूसर असेल तर त्याची ओळख पटवण्याइतका पुरावा अजून हाती आलेला नाही. तिथे डोकं शिणवू नका.

याची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे तीन-तीनचा हिशेब. तीन नोंदी पूर्ण बरोबर झाल्या तरच गेम त्या पक्क्या करतो, त्यामुळे एकेक नाव चाचपून चालत नाही. पण पळवाटही तिथेच आहे. दोन नोंदी खात्रीच्या असल्या की तिसरीत नावं बदलत बसता येतं. मी एकदा तसं केलं. नोंद पक्की झाली, पण तो माणूस तोच का, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून वहीत कारण लिहिल्याशिवाय मी पुस्तकात नाव घातलं नाही.

खरा दोष चालण्याचा. जुनं दृश्य पुन्हा बघायचं तर पुस्तकातून जाता येत नाही, त्या प्रेतापर्यंत परत चालत जावं लागतं. म्हणून दृश्यात असतानाच चारी बाजूंनी फिरून सगळं टिपून घ्या. संवाद पडद्यावर लिहून येतात, पण कोण बोलतंय ते येत नाही. बोलण्याच्या ढबीवरून ओळखायचं. आपल्या कानाला इंग्रजीच्या त्या ढबी अवघड जातात, तेव्हा हेडफोन लावाच. यादीत भारतातले खलाशीही आहेत. त्यांची पानं मी सगळ्यात आधी उघडली होती.

ठिपक्याठिपक्यांच्या दोनरंगी चित्रांनी डोळे दुखतात. सेटिंगमध्ये पडद्याचा रंग बदलता येतो.

शेवटी पाऊस सुरू होतो, आपल्याला जहाजावर आणणारा नावाडी निघायचं म्हणतो. निघू नका, वेळेचं बंधन नाही. त्या पावसात मी आणखी तीन रात्री थांबले आणि उरलेली १४ खाती पुरी केली.