जुन्या कॅराव्हॅनच्या छतावरची हॅच: हे काम शिकायला येणाऱ्यांसाठी

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात व्हिंटेज गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथलं क्रोम आणि पॉलिश बघून रिस्टोरेशनमध्ये यावंसं वाटलं असेल तर चांगलंच आहे, पण जुन्या कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, खरा वेळ आणि पैसा जातो तो छतावरच्या एका चौकोनी भोकाभोवती. हे भोक आणि त्यावरचं उघडणारं झाकण म्हणजे हॅच. झाकण बदलणं हे दोन तासांचं काम. त्याखालचं जुनं सिलिकॉन आणि कुजलेलं लाकूड काढायला दोन दिवस जातात, आणि नवा माणूस भाव सांगताना नेमकं तेच विसरतो.

निव्वळ कॅराव्हॅनवर बडोद्यात पोट भरणार नाही, हेही आधीच ऐकून ठेवा. हात बसवायचा तर बसच्या छतावरची हॅच, जुनी मॅटॅडोर, ॲम्ब्युलन्स अशी कामं घ्या. आयटीआयला शीट मेटल किंवा सुतारकाम झालं असेल तर अर्धी तयारी आहेच. फायबरचं काम मात्र मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, रोज साचे काढणाऱ्या एखाद्या कारखान्यात काही महिने उभं राहूनच येतं.

गाडी आली की आतल्या डागावर विश्वास ठेवू नका. छतावर शिरलेलं पाणी प्लायच्या आणि चौकटीच्या मधून उतारानं सरकतं आणि भलत्याच कोपऱ्यात टपकतं. ओलावा मोजायचं यंत्र घेऊन हॅचच्या चारही बाजूंना हातभर अंतरापर्यंत आकडे घ्या. १५ टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड कोरडं समजा, २० च्या वर गेलं तर संशय घ्या आणि तिथे आर टोचून बघा. आर लोण्यात गेल्यासारखी शिरली तर ते लाकूड गेलं.

माप घ्यायचं ते छताच्या भोकाचं, झाकणाचं नाही. युरोपियन गाड्यांत बहुधा ४०० × ४०० मिलिमीटर सापडतं, अमेरिकन गाड्यांत १४ इंच, म्हणजे साधारण ३५६ मिलिमीटर. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर भोक वाकडं आहे आणि नवी चौकट त्यात अडकणार. छताची जाडीही लिहून घ्या, कारण आतली रिंग त्या जाडीवरच पकड घेते.

आता काढणं. छतावर थेट पाय देऊ नका. अशा गाड्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ असतो, तेव्हा खालच्या आडव्या पट्ट्यांवर फळी टाकून काम करा. गंजलेल्या स्क्रूंची डोकी ड्रिलनं उडवा, पिळून काढायच्या नादात भोकं फाटतात. फ्लँजखालचा, म्हणजे चौकटीच्या पत्र्यावर टेकणाऱ्या चपट्या कडेखालचा जुना मस्तिक (चिकट सीलंट) हीट गनच्या मंद उष्णतेनं सैल करा आणि प्लॅस्टिकची पट्टी हळूहळू सरकवा. गन झाकणाच्या ॲक्रिलिकच्या जवळ नेऊ नका, ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं.

खरी डोकेदुखी सिलिकॉनची. आधीच्या मालकानं गळती दिसली की वरून एक ट्यूब मारलेली असते, मग दुसरी, मग तिसरी. सिलिकॉनवर ना रंग धरतो ना दुसरं सीलंट, आणि ते थिनरनं विरघळत नाही. आधी खरवडा, मग घासा, मग पत्र्यावर पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर जागा स्वच्छ आहे. जिथे त्याचे थेंब होऊन मागे सरतात तिथे सिलिकॉन अजून आहे, पुन्हा घासा. ही परीक्षा टाळली की पुढचं सगळं काम पहिल्या पावसात उघडं पडतं.

कुजलेलं लाकूड चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्यापुढे आणखी ५०-७५ मिलिमीटर कापा. नवी पट्टी सागाची, नाहीतर आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायची घाला. दुकानदार आयएस ३०३ चा प्लाय 'चालेल' म्हणून देतो, तो घेऊ नका. कापलेल्या टोकांना इपॉक्सी पाजा, कारण लाकूड पाणी ओढतं ते टोकांकडूनच.

बसवण्याआधी भोकाभोवती सरळपट्टी ठेवून बघा. जुन्या माणसानं स्क्रू जास्त आवळले असतील तर पत्रा खाली बसून बशी झालेली असते आणि पाणी तिथेच थांबतं. खालून पॅकिंग देऊन तो वर आणा. मग ब्युटाइल टेप, म्हणजे फ्लँजखाली दाबून बसणारी चिकट सीलंटची पट्टी: ३ मिलिमीटर जाड, २०-२५ मिलिमीटर रुंद. ४०० च्या हॅचला फ्लँजचा घेर साधारण दोन मीटर भरतो, तेव्हा अडीच मीटर आणा. टेपचा जोड उताराच्या खालच्या बाजूला घ्या, वरच्या बाजूला पाणी येऊन आपटतं. मे महिन्यात टेप कागदाला चिकटून रबरासारखा ताणला जातो, तो दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग सोला. स्क्रू स्टेनलेसचे, ५० मिलिमीटरला एक, म्हणजे ४० च्या आसपास लागतात. प्रत्येकाच्या मानेला थोडं सीलंट लावा, नाहीतर ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसच्या मध्ये पाणी राहून पत्रा खातं. समोरासमोरचे स्क्रू आलटून-पालटून आवळा, टेप कडेनं एकसारखा बाहेर डोकावला की थांबा. दुसऱ्या दिवशी ऊन खाल्ल्यावर पुन्हा एक फेरी मारा, त्यानंतर बाहेर आलेला टेप लाकडी पट्टीनं कापा.

झाकणाचा प्रश्न वेगळा आहे. बडोद्याच्या उन्हाळ्यात दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे झाकणाच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ४०० मिलिमीटरचं ॲक्रिलिक जवळपास दीड मिलिमीटर फुगतं, ॲल्युमिनियमची चौकट जेमतेम अर्धा. म्हणून ४ मिलिमीटरच्या स्क्रूला ॲक्रिलिकमध्ये ६ चं भोक पाडा, खाली वॉशर द्या आणि हातानं घट्ट होईल एवढंच आवळा. घट्ट भोकातून निघालेली चीर हा सर्वांत नेहमीचा बिघाड आहे. दुसरा बिघाड पुसण्यातून येतो: थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिटनं ॲक्रिलिकवर बारीक जाळी पडते. साबणाचं पाणी पुरे.

मूळ झाकण मिळतच नसेल तर फायबरचं करा. पण जुन्या झाकणावर थेट साचा काढू नका. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे एबीएस प्लॅस्टिक आणि ॲक्रिलिक खातं, म्हणजे नमुनाही जातो आणि साचाही. आधी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ठसा घ्या, तो पूर्ण वाळवून सील करा, मग मेणाचे चार-पाच हात आणि वर पीव्हीए, म्हणजे साचा सुटावा म्हणून लावायचा पातळ थर. अर्धा मीटर × अर्धा मीटर झाकणाला जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) साधारण १५० ग्रॅम, चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या काचतंतूच्या मॅटचे दोन थर, म्हणजे मॅट सव्वादोनशे ग्रॅम आणि रेझिन त्याच्या सव्वादोनपट, जवळपास ५०० ग्रॅम. कडांना तिसरा थर द्या. हार्डनर थंडीत दीड ते दोन टक्के, मेमध्ये एक टक्का. एकच्या खाली गेलात तर झाकण कधीच नीट पिकत नाही, त्यापेक्षा सकाळी सातला काम उरका. कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारं रसायन) आणि एमईकेपी हार्डनर एकमेकांत सरळ कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. रेझिन कोबाल्ट मिसळलेलंच विकत घ्या आणि हातमोजे-चष्म्याशिवाय डबा उघडू नका.

बिजागरी पुढच्या बाजूला, उघडणारी कड मागे. उलटं बसवलंत तर महामार्गावर वारा झाकण घेऊन जातो. रबर ईपीडीएमचं (ऊन-पाऊस सोसणारं), डी आकाराचं घ्या. ते साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. झाकण लावताना कडेला कागदाची पट्टी धरा आणि ओढा, चारही बाजूंना सारखा विरोध जाणवला पाहिजे. आणि गळती नको म्हणून हॅचमधली कायमची उघडी जाळी बुजवायची मागणी गिऱ्हाईक करेल, ती ऐकू नका. आत गॅसची शेगडी असते, जाळी त्यासाठीच आहे.

पाण्याची चाचणी साध्या नळीनं करा. प्रेशर वॉशरनं चांगलं रबरही हार मानतं. आत चौकटीवर टाल्कम पावडर भुरभुरा, मग उताराच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून प्रत्येक बाजूला पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि झाकण सगळ्यात शेवटी भिजवा. पावडरवर पहिली रेघ कुठे उमटते ते बघा. सगळीकडून एकदम पाणी मारलंत तर गळतं एवढंच कळेल, कुठून ते नाही.

भाव सांगायचा तो हॅच उघडल्यावर. उघडून तपासण्याचे पैसे वेगळे लावा, ते आधीच बोलून घ्या, आणि लाकडाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मगच पुढचं काम धरा. पावसाळ्याची कामं एप्रिलमध्येच घ्या. जूनच्या मध्यावर आलेल्या गाडीचं लाकूड वाळवायला जागा आणि ऊन दोन्ही मिळत नाही.